दुधात टाकून पाहिलेली गोळी

मी डोळ्यासाठी गेले होते. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता. डाळ निवडताना खडा हाताला लागायचा, पण दिसायचा नाही. माझा मुलगा दिगांबर म्हणाला, "माय, यवतमाळले सरकारी दवाखान्यात ऑपरेशन करून देतात, चाल." म्हणून गेले.

ऑपरेशनच्या आधी सगळ्यांचं रक्त तपासतात. माझंही घेतलं. सोबतच्या बायकांना हिरवे झगे घालून एकेक करून आत नेलं. मला बाकावरच बसवून ठेवलं. मला वाटलं, साखर निघाली असेल. मग एका बाईंनी मला वेगळ्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. दार लोटलं तेव्हाच समजलं की ही साखर नाही.

त्या राठोडबाई. आजार समजावून सांगायला दवाखान्यात ज्या बसतात, त्यांच्यापैकी एक. त्यांनी मला पाणी दिलं, घरात कोण कोण आहे ते विचारलं आणि मग सरळ सांगितलं की तुमच्या रक्तात एचआयव्ही सापडला आहे.

मी म्हटलं, "मंग डोळ्याचं काय?"

राठोडबाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. म्हणाल्या, "मावशी, मी काय सांगून राह्यली ते समजलं ना?"

"समजलं. शाळेच्या भिंतीवर लिहून होतं. पण मी डोळ्याले आलती."

डोळ्याचं नंतर करू, आधी याचं पाहू, असं त्या म्हणाल्या. याचं म्हणजे रोज एक गोळी. जन्मभर. मी म्हटलं, माझा जन्म तसाही फार राहिला नाही. त्यावर त्या म्हणाल्या की गोळी नीट घेतलीत तर तुम्ही या आजारानं मरणार नाही, दुसऱ्या कशानं तरी मराल. ही गोष्ट मला पटली. त्या दिवशी जे काही ऐकलं त्यात एवढी एकच गोष्ट मला पुरती समजली.

कुठून आला

परतीच्या एसटीत दिगांबर खिडकीबाहेर पाहत होता. आर्णी मागे पडल्यावर त्यानं हळूच विचारलं, "माय, हे आलं कुठून?"

"मले कायले इचारतं? मी कुठं गेलती?"

तो पुन्हा खिडकीबाहेर पाहायला लागला. त्याला बापाची आठवण आली असणार, मलाही आली होती. दिगांबरचा बाप कापसाच्या गाठी वाहणाऱ्या ट्रकवर होता. टीबीनं गेला. टीबीच होता की टीबीच्या मागे हे होतं, ते तेव्हा कोणी पाहिलं नाही. पाहिलं असेल तर मला कोणी सांगितलं नाही. पण गावात एकाच सुईनं साऱ्यांना इंजेक्शन दिलेलंही मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मेलेल्या माणसावर ढकलणं सोपं असतं. मी ढकललं नाही, त्याला सोडूनही दिलं नाही. मला माहीत नाही, एवढंच खरं.

गावाला मात्र लगेच माहीत झालं. कोणी सांगितलं ते समजलं नाही, पण तालुक्याच्या महागावच्या बाजारातून बातमी आमच्या आधी घरी पोचल्यासारखी झाली.

इरजण

माझी सून वनिता वाईट नाही, हे आधी सांगते. मग तिनं काय केलं ते सांगते.

तिनं माझं ताट वेगळं केलं. पाण्याचा तांब्या वेगळा केला. माझी खाट आतल्या खोलीतून बाहेरच्या छपरीत आली, "तिथं हवा चांगली हाये" म्हणून. राठोडबाईंनी दिगांबरला समोर बसवून सांगितलं होतं की एका ताटात जेवल्यानं, हात लावल्यानं, कपडे धुतल्यानं हा आजार लागत नाही. दिगांबरनं घरी येऊन ते सांगितलंही. वनितानं मान हलवली आणि ताट वेगळंच ठेवलं.

त्याचं मला फार वाटलं नाही. ताट म्हणजे ताट. वाटलं ते दह्याचं.

आमच्याकडे म्हैस आहे. लग्न होऊन आल्यापासून घरातलं दही मी लावते. माझं दही घट्ट लागतं, तार सुटत नाही. आजूबाजूच्या घरांत कोणाचं दही बिघडलं, चिकट झालं, की दिवे लागायच्या वेळेला वाटी घेऊन माझ्याकडे यायचे. चमचाभर विरजण न्यायचे आणि पुन्हा त्यांचं दही चालू व्हायचं. शेजारची शेवंता तर रीतच असल्यासारखी यायची. अर्धा तास गप्पा आणि चमचाभर दही.

बातमी फुटली आणि वाट्या यायच्या थांबल्या. शेवंता महागावहून पिशवीतलं दही आणायला लागली. मग एका सकाळी वनिता म्हणाली, "आत्याबाई, दह्याचं आता मी पाह्यतो. तुमी आराम करा."

"मले काय झालं आराम करायले?"

"तसं नाई वो. डॉक्टरनंच म्हटलं ना, आराम करा म्हणून."

डॉक्टरांनी असं काही म्हटलं नव्हतं. मी एक लहान गाडगं उचललं, छपरीत नेलं आणि माझं दही माझ्यापुरतं लावत राहिले. विरजण मरू दिलं नाही.

पोट

आता पोटाचं. हा भाग वाचायला बरा नाही, पण ज्यांना हा आजार आहे त्यांना हाच भाग लागणार आहे.

माझं पोट रक्त तपासायच्या कितीतरी आधीपासून बिघडलेलं होतं. खाल्लं की धावावं लागायचं. लुगडं ढिलं होत गेलं, दंडाची कातडी लोंबायला लागली. आमच्याकडे आठवडी बाजाराच्या दिवशी फटफटीवर एक डॉक्टर येतो. डॉक्टर म्हणजे लोक म्हणतात म्हणून. तो लाल-पिवळी कॅप्सूल द्यायचा. घेतली की थोडे दिवस ढाळ थांबायचे, मग पहिल्यापेक्षा जास्त सुरू व्हायचे. मग पुन्हा कॅप्सूल. पुढे पुढे मी रोजचीच घ्यायला लागले.

सरकारी गोळी सुरू झाली. मला वाटलं, आता पोटही थांबेल. थांबलं नाही. यवतमाळला जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून मी जेवत नसे. एसटी मध्येच थांबवता येत नाही. एकदा थांबवायला लावली. कंडक्टर चांगला होता, काही बोलला नाही. मागच्या सीटवरची माणसं बोलली.

गोळ्या देणाऱ्या विभागात एक डॉक्टरीणबाई आहेत. वय माझ्या नातीएवढं. त्यांना मी म्हटलं, "बाई, तुमची गोळी रक्तात जाते म्हणता. मंग पोटाचं कोण पाह्यते?"

त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि जे सांगितलं त्यानं माझा सगळा गोंधळ सुरू झाला.

त्या म्हणाल्या, "मावशी, माणसाच्या आतड्यात जंतू असतात. जन्मापासून. लाखो, करोडो. ते आपले असतात, अन्न पचवायला मदत करतात, वाईट जंतूंना जागा मिळू देत नाहीत. शरीराचे राखणदार, म्हणजे पांढऱ्या पेशी, सगळ्यात जास्त आतड्याच्या भिंतीशीच असतात. तुमचा आजार आधी तिथंच हल्ला करतो. भिंत कमजोर होते, चांगले जंतू कमी होतात, नको ते वाढतात. मग नको ते झिरपून रक्तात जातं आणि अंग आतून धुमसत राहतं."

मी म्हटलं, "थांबा. रक्तात जंतू हाये म्हणून गोळी."

"हो."

"आणि पोटात जंतू नाई म्हणून ढाळ."

"एवढं साधं नाही, पण तसंच काहीसं."

"मंग जंतू पायजे का नको?"

राठोडबाई शेजारच्या टेबलावर होत्या, त्या हसल्या. म्हणाल्या, "मावशी, दही कसं लागते? इरजणात बारीक जंतू असतात, ते दुधात वाढतात. तवाच दही होते. पोटातले चांगले जंतू तसेच."

"म्हणजे मी जन्मभर साऱ्या मोहल्ल्याले जंतू वाटत होती?"

"हो. चांगले."

त्या हसत होत्या. मला हसू आलं नाही. शेवंताचं बरोबर होतं की चूक होतं, ते मला समजेना. माझ्या दह्यात जंतू आहेत, हे तिला माझ्या आधी कळलं होतं की काय?

उठताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दुसरं काही औषध घेता का?" मी नाही म्हटलं. मी खोटं बोलले नाही. त्या कॅप्सूलला मी औषध समजतच नव्हते. पोट बिघडलं की सुंठ घ्यावी, तशी ती घ्यायची वस्तू होती.

दोन वाट्या

घरी येऊन मी विचार केला. मी चार वर्ग शिकलेली बाई आहे, पण विचार येतो. गोळी जंतू मारते. पोटात जंतू पाहिजेत. रोज गोळी पोटातूनच जाते. मग पोटातले जंतू ती सोडते कशी? फवारा मारला की बोंडअळीही मरते आणि मधमाशीही मरते, हे आम्ही शेतात पाहतोच.

विचारून समजत नाही ते करून पाहावं. मी दोन वाट्या घेतल्या. उकळून कोमट केलेलं दूध दोन्हींत सारखं, माझ्या गाडग्यातलं विरजण दोन्हींत सारखं. एका वाटीत दुसरं काही नाही. दुसऱ्या वाटीत मी रोज जेवढं गिळते तेवढं सगळं टाकलं, म्हणजे सरकारी गोळी बत्त्यानं कुटून आणि कॅप्सूल फोडून. पोटात दोन्ही जातात, तर वाटीतही दोन्ही. दोन्ही वाट्या फडक्यात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवल्या.

सकाळी पहिल्या वाटीत दही लागलं होतं, सुरीनं कापावं असं. दुसरीत दूध तसंच होतं. वास बदललेला, रंग पिवळट, पण पातळच.

मला जे पाहायचं होतं ते मी पाहिलं, असं मला वाटलं. त्या दिवसापासून मी सगळ्या गोळ्या बंद केल्या. सरकारीही आणि कॅप्सूलही. गोळी म्हणजे गोळी. कोणाला सांगितलं नाही. सरकारी गोळ्या डब्यात तशाच राहू दिल्या. यवतमाळला जायची तारीख आली तेव्हा दिगांबरला म्हटलं, कापूस वेचायचा आहे, पुढच्या खेपेला जाऊ.

आणि पोट थांबलं.

हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण चूक इथंच पक्की झाली. गोळ्या सोडल्यावर थोड्याच दिवसांत माझं पोट बरं होऊ लागलं. मी ज्वारीची भाकर खाल्ली, वर ताक प्यायले, आणि धावावं लागलं नाही. वनिता म्हणाली, "आत्याबाई, आता तुमची तब्येत चांगली दिसून राह्यली." मी मनात म्हटलं, यवतमाळच्या डॉक्टरणीला समजलं नाही ते मला दोन वाट्यांत समजलं. मला स्वतःचा अभिमानच वाटला.

बाकी सगळं

पोट चांगलं झालं आणि मग बाकी सगळं बिघडायला लागलं.

ताप यायला लागला. जिभेवर पांढरा थर चढला, घास उतरेना. पायऱ्या चढताना दम लागायचा, आणि आमच्या घराला पायऱ्या दोनच आहेत. मला काही समजेना. एवढी वर्षं दुखणारं पोट शांत, आणि बाकीचं अंग आगीत. हे उलटं कसं? मी गाडग्यातलं दही खात होते. चांगले जंतू घालत होते. मग मरत कशी होते?

शेवटी दिगांबरनं उचलून एसटीत बसवलं. भरती करून घेतलं. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरीणबाई माझ्या खाटेशी आल्या. रक्तातला जंतू पुन्हा खूप वाढला होता.

"मावशी, गोळ्या घेता ना?"

"नाई."

"कधीपासून?"

"कापूस फुटला तवापासून."

"का?"

मी खरं तेच सांगितलं. "दही लागत नाई."

त्या बाईंनी हातातला रिपोर्ट खाटेवर ठेवला. मग म्हणाल्या, "काय?"

मी वाट्यांची गोष्ट सांगितली. त्या चिडल्या, आणि चांगल्याच चिडल्या. म्हणाल्या, गोळी मध्येच सोडली की जंतू हुशार होतो, पुढे तीच गोळी त्याला लागू पडेनाशी होऊ शकते. तुम्हाला मरायचं आहे का? मी म्हटलं, मरायचं असतं तर पोटाची एवढी काळजी कायले केली असती?

दवाखान्यात सोबतीला वनिता राहिली. दिगांबरला कापूस वेचायला माणसं लावून द्यायची होती, आणि बायकांच्या वॉर्डात पुरुष रात्री थांबू देत नाहीत. जिनं माझं ताट वेगळं केलं तिनंच मला धरून संडासला नेलं, तोंड धुऊन दिलं, वेणी घातली. सकाळी चहा यायचा, मग झाडणारी बाई यायची आणि खाटांखालच्या चपला बाहेर फेकून ओरडायची. मग डॉक्टरांचा घोळका. मग सुई. शेजारच्या खाटेवर पार सीमेवरच्या झरीकडची, वेगळी बोली बोलणारी एक म्हातारी होती. ती मला समजेल अशी मराठी कमी बोलायची, पण तिच्या माणसानं आणलेला पेरू तिनं अर्धा करून माझ्या हातावर ठेवला. मला गिळवत नव्हतं, तरी मी तो उशीशी ठेवला. वास चांगला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई पुन्हा तेच विचारत होत्या, वाटीत नेमकं काय टाकलं. वनिता मागे उभी होती. ती म्हणाली, "मॅडम, त्या लाल-पिवळ्या कॅप्सूल बी टाकल्या असतीन. फटफटीवाल्याच्या. रोज घेतात त्या."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "रोज?"

"पोटासाठी," मी म्हटलं.

त्यांनी कपाळाला हात लावला. मग दोन्ही हात खाटेवर टेकून सावकाश सांगितलं. सरकारी गोळी फक्त त्या एका जंतूच्या मागे आहे. तो जंतू वेगळ्या जातीचा, आपल्या पेशीच्या आत घुसून राहणारा. दह्यातले आणि पोटातले जंतू वेगळे, त्यांच्याशी या गोळीला फारसं देणंघेणं नाही. ती कॅप्सूल मात्र दह्यातल्यासारख्या जंतूंनाच मारणारी. चांगले-वाईट तिला समजत नाही, दिसेल त्याला मारते. कधी डॉक्टरांनी दिली तर तिचा उपयोग असतो, पण रोज घेतली तर पोटात काही शिल्लक ठेवत नाही. तुमचं आतडं आजारानं आधीच उजाड केलं होतं, वर तुम्ही हे रोज घालत होता. म्हणून ती बंद झाल्यावर पोट सुधारलं. आणि सोबत तुम्ही दुसरी बंद केली, म्हणून जीव जायला आला.

"म्हणजे पोट बरं झालं ते खरं?"

"खरं."

"आणि गोळी सोडली ती चूक?"

"चूक."

दोन्ही एकाच दिवशी, एकाच हातानं केलं होतं. एक बरोबर आणि एक चूक. मला ते वेगळं करता येईना. मी म्हटलं, "मी ऐकलं, पण मले दिसलं नाई. मी पुन्हा वाटी लावून पाह्यतो."

वनिता म्हणाली, "अवो आत्याबाई, बस करा ना आता!"

डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या, "लावा. घरी न खाल्लेल्या गोळ्या पडून आहेत ना, त्यातली एक घ्या. पण रोजची गोळी आजपासून सुरू. वाटीत काय होतं ते पाहायला थांबायचं नाही. कबूल?"

मी कबूल म्हटलं.

"आणि अजून एक. वाटी म्हणजे पोट नाही. वाटीत काही दिसलं तर मला येऊन सांगा, स्वतः काही ठरवू नका."

तीन वाट्या

घरी आल्यावर अंगात ताकद नव्हती, म्हणून वाट्या वनितानं मांडल्या. मी खाटेवरून सांगत होते. एका वाटीत काही नाही, एकीत सरकारी गोळी, एकीत कॅप्सूल. तिनं दूध ओतलं आणि तिच्या गंजातलं, म्हणजे पातेल्यातलं, दही घ्यायला निघाली. मग थांबली.

"माह्यं पातळच होऊन राह्यलं हाये. तुमचं हाये का गाडग्यात?"

मी नव्हते तेव्हा गाडग्याला कोणी हात लावला नसेल, आंबून गेलं असेल, असं मला वाटत होतं. पाहिलं तर वर नुसतं पाणी सुटलेलं, खाली तळाशी दही होतं. जिवंत होतं. तेच लावलं.

सकाळी दिगांबरही पाहायला आला. नुसत्या दुधाची वाटी लागलेली. गोळीची वाटी लागलेली, जराशी सैल, पण दहीच. कॅप्सूलच्या वाटीत दूध.

"अरे बापा!" वनिता म्हणाली.

दिगांबर सरळ आत गेला. त्यानं माझ्या उरलेल्या सगळ्या कॅप्सूल काढल्या आणि शेणाच्या उकिरड्यावर टाकायला निघाला. मी ओरडले, "तिथं नको टाकू! खत मरते!" मग त्यानं त्या कागदात बांधून ठेवल्या. पुढच्या खेपेला दवाखान्यातच दिल्या. उकिरडा मेला असता का, ते मला ठाऊक नाही. हल्ली मला कशाचाच भरवसा वाटत नाही.

गोळीची आणि कॅप्सूलची वाटी मी राखेत ओतायला लावली. साधी वाटी तशीच राहिली. दुपारी मी ती खायला घेतली तर दह्याच्या एका कडेला चमच्याचा खड्डा होता, नेमका विरजणाएवढा. मी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी वनिताच्या गंजातलं दही घट्ट होतं. तिनंही काही सांगितलं नाही. ताट अजून वेगळंच आहे, पण दही एक आहे. मी हिशेब लावत बसत नाही.

यवतमाळला जाऊन मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं की गोळीच्या वाटीत दही लागलं. मला वाटलं, त्या खूश होतील.

त्या म्हणाल्या, "चांगलं झालं. पण मावशी, दही लागलं नसतं तरी मी तुम्हाला गोळी घ्यायलाच सांगितली असती."

"मंग मी पाह्यलं ते काय होतं?"

"दही होतं."

आता

आता रोज गोळी घेते. रक्ताच्या रिपोर्टात जंतू दिसत नाही. पहिल्यांदा दिसला नाही तेव्हा मी विचारलं, "म्हणजे गेला?" तर म्हणाल्या, गेला नाही, दडून आहे, गोळी सोडली की बाहेर येईल. पोट बरंच सुधारलं, पण पहिल्यासारखं नाही. कधी आठवडाभर शांत, कधी काही कारण नसताना बिघडतं. त्याचं विचारलं तर डॉक्टरीणबाई म्हणतात की रक्तातला जंतू दबला तरी आतड्याची भिंत आणि तिथले चांगले जंतू पुन्हा जागेवर यायला वेळ लागतो. कोणाचे येतात, कोणाचे पुरते येत नाहीत. उकळलेल्या दुधाचं दही, ज्वारी, भाजीपाला खा, चांगलंच आहे, पण ते औषध नाही. जगभर याचा शोध चालू आहे, अजून कोणाला पुरतं समजलेलं नाही. मोठे डॉक्टरही अजून शोधतच आहेत, हे ऐकून मला बरं वाटलं. म्हणजे मी एकटीच नाही.

डोळ्याचं ऑपरेशनही झालं. आता डाळीतला खडा दिसतो. पण जो रक्तात दडून आहे तो दिसत नाही आणि जे पोटात पाहिजेत तेही दिसत नाहीत. एकाला दाबायचं, बाकीच्यांना सांभाळायचं, आणि सगळं न बघता. म्हैस सांभाळणं सोपं.

मागच्या खेपेला गोळ्यांच्या रांगेत माझ्या शेजारी एक तरणी बाई बसली होती. पहिलाच दिवस असावा. गोळ्यांचा डबा पदराखाली घट्ट धरलेला. राठोडबाईंनी तिला पहिली गोळी इथंच घ्यायला सांगितली होती आणि ती घेत नव्हती. मला म्हणाली, "मावशी, या गोळीनं पोट खराब होते म्हणतात, खरं हाये का?"

मी म्हटलं, "पोट बिघडलं तर आत जाऊन डॉक्टरणीले सांग. बाजारातल्याची कॅप्सूल खाऊ नको. खात असशील तर ते बी सांग, लपवू नको. आणि गोळी दुधात टाकून पाहू नको."

"दुधात कायले टाकीन?"

"मी टाकली होती."

मग मी तिला वाट्यांची सगळी गोष्ट सांगितली. तिनं ऐकून घेतली. रांग पुढे सरकली तरी आम्ही बसूनच होतो.

शेवटी ती म्हणाली, "मंग तुमाले समजलं का, पोटात काय होते ते?"

"नाई समजलं," मी म्हटलं. "पण गोळी खातो."

ती हसली नाही. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि डब्याचं झाकण फिरवायला लागली.